आरोपीच्या वकिलाला तोलायचं कशावरून? मस्साजोग खटल्याच्या निमित्तानं

कपिलधार (ता. बीड) : बीडच्या विशेष मकोका न्यायालयात मस्साजोग खटल्याची तारीख असली की मांजरसुंब्याच्या चौकापासून केजपर्यंत हॉटेलाहॉटेलांत दिवसभर तोच विषय असतो. कोर्टाबाहेरची क्लिप मोबाइलवर येते. सरकारी वकील काय बोलले ते लोक शांतपणे ऐकतात. आरोपीचे वकील बोलायला लागले की क्लिप पुढं ढकलली जाते. 'पैशासाठी काहीही करतात', 'यांना लेकरंबाळं नाहीत का', 'असल्यांची सनद काढून घ्या', अशी वाक्यं मग ऐकायला मिळतात.

हा राग समजण्यासारखा आहे. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं भरदिवसा अपहरण झालं आणि हाल हाल करून त्यांना मारलं गेलं. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात त्या मारहाणीचे फोटो बाहेर आले. दुसऱ्या दिवशी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्यानं ते फोटो पाहिले त्याला 'बचाव' हा शब्दसुद्धा नकोसा वाटतो. असल्या गुन्ह्यात बचाव कसला करायचा, असा प्रश्न पडतोच.

पण या प्रश्नाचं उत्तर नीट शोधलं पाहिजे. कारण या खटल्यात शेवटी काय टिकतं आणि काय पडतं, ते बचावाच्या वकिलानं आपलं काम कसं केलं यावर बरंचसं अवलंबून आहे. हे ऐकायला उलटं वाटेल. पण जुन्या खटल्यांत तसंच घडलेलं आहे.

अर्ज केला म्हणजे आरोपी सुटला नाही

आधी वकील नेमकं करतात काय ते बघू. वाल्मिक कराड यांच्या वतीनं या खटल्यातून नाव वगळण्याचा अर्ज झाला. विशेष न्यायालयानं तो २२ जुलै २०२५ ला फेटाळला. जामीन अर्जही याच न्यायालयानं फेटाळला. प्रत्येक अर्जाच्या वेळी गावागावांत 'आता सुटतोय' अशी हवा झाली. प्रत्यक्षात अर्ज हे न्यायालयाला विचारलेले प्रश्न असतात. या माणसाविरुद्ध खटला चालवण्याइतका पुरावा आहे का? त्याला खटला संपेपर्यंत आत ठेवायची गरज आहे का? न्यायालयानं दोन्ही बाजू ऐकून उत्तर दिलं. उत्तर आरोपीच्या विरोधात गेलं. प्रश्न विचारला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही.

मकोका हा १९९९ चा कायदा साधा नाही. नेहमीच्या खटल्यात पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मकोकात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं घेतलेला कबुलीजबाब चालू शकतो. जामीन मिळणं फार अवघड असतं. इतका कडक कायदा आहे म्हणून त्याला कुलपंही तितकीच लावलेली आहेत. टोळीविरुद्ध मागच्या १० वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. मकोका लावायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. खटला चालवायला अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

ही कुलपं नीट लावली आहेत का, ते कोण तपासणार? सरकारी वकील स्वतःच्याच बाजूची चूक न्यायालयात मोठ्यानं वाचून दाखवत नाहीत. ते काम बचावाच्या वकिलाचं. मंजुरीचा कागद मागणं, मोबाइलच्या डेटाची प्रत मागणं, पंचनाम्यातल्या वेळा जुळवून बघणं, यातलं काहीही बेइमानीचं नाही. यालाच वकिली म्हणतात.

भांडणातली दहा नावं

हे आपल्याकडं वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बांधावरून भावकीत मारामारी होते. मारणारे दोघं असतात, फिर्यादीत नावं दहा येतात. एक जण त्या दिवशी पुण्यात कंपनीत ड्युटीवर असतो, एक ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेला असतो, एक सत्तर वर्षांचा म्हातारा असतो. गावाला सगळं माहीत असतं. पण पोलीस ठाण्यातला कागद दहा जणांना सारखंच आरोपी म्हणतो. त्या वेळी पुण्यातल्या पोराची आई कुणाकडं धाव घेते? वकिलाकडंच. तो वकील कंपनीचं हजेरीपत्रक कोर्टात मांडतो तेव्हा त्याला कुणी गद्दार म्हणत नाही.

मस्साजोगचा खटला आणि बांधावरचं भांडण एक नव्हे, हे खरं. त्या हत्येची क्रूरता बांधाच्या भांडणाशी तोलताच येत नाही. पण वकिलाचं काम दोन्हीकडं एकच आहे. समोर जो पुरावा आला तो खरा आहे का, पुरेसा आहे का, आणि याच माणसाविरुद्ध आहे का, हे विचारायचं. गुन्हा छोटा असला तर विचारायचं आणि मोठा असला तर गप्प बसायचं, असा नियम करता येत नाही. उलट शिक्षा जितकी मोठी तितकी विचारपूस जास्त व्हायला हवी.

कायदाही हेच सांगतो. राज्यघटनेच्या कलम २२ नं अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचावाचा हक्क दिला आहे. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्यानं बचाव केला पाहिजे, असं बार कौन्सिलचे नियम सांगतात. काही ठिकाणी वकील संघांनी 'अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही' असे ठराव केले होते. असे ठराव बेकायदा आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात दिला.

कसाबच्या खटल्यात काय झालं होतं?

देशातल्या सगळ्यात नकोशा आरोपीचा खटला मुंबईतच चालला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेला अजमल कसाब. त्याला रेल्वे स्टेशनवर गोळ्या झाडताना लोकांनी पाहिलं होतं, त्याचे फोटो होते. त्याला वकील कशाला, असं तेव्हाही देश म्हणत होता.

२००९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस न्यायालयानं ॲड. अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. बातमी बाहेर येताच त्यांच्या घरासमोर जमाव गोळा झाला. पुढं त्यांना दूर करण्यात आलं, पण जमावामुळं नव्हे. त्या याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचंही काम बघत होत्या. एका वकिलानं दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही, म्हणून न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ती नेमणूक रद्द केली.

मग ॲड. अब्बास काझमी आले. त्यांनी कसून उलटतपासणी केली. पण वर्षाच्या शेवटी औपचारिक साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून त्यांचे न्यायालयाशी खटके उडाले. ते सहकार्य करत नाहीत असं म्हणून न्यायालयानं त्यांनाही हटवलं आणि त्यांच्यासोबतचे ॲड. के. पी. पवार यांच्याकडं काम दिलं.

मधल्या काळात, जुलै २००९ मध्ये, कसाबनं भर न्यायालयात अचानक गुन्हा कबूल केला होता. 'आता संपवा' असं कुणीही म्हटलं असतं. न्यायाधीशांनी कबुली नोंदवून घेतली, पण खटला थांबवला नाही. साक्षीदार तपासत राहिले. डिसेंबरात कसाबनं ती कबुली फिरवली. तोवर सगळा पुरावा रीतसर नोंदवला गेला होता, त्यामुळं त्याच्या पलटण्यानं काही बिघडलं नाही.

२०१० च्या मे महिन्यात फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी न्यायालयाच्या नेमणुकीवरून कसाबची बाजू मांडली. सुरुवातीला वकील मिळाला नाही, हा मुद्दाही त्यांनी लावून धरला. न्यायालयानं तो तपासला, कसाबला आधी वकील देऊ केला होता आणि त्यानंच नाकारला होता हे नोंदवलं, आणि २९ ऑगस्ट २०१२ ला शिक्षा कायम ठेवली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. घटनेपासून चार वर्षांच्या आत. इतका कसून बचाव होऊनही शिक्षा टिकली. खरं म्हणजे बचाव झाला म्हणूनच जगात कुणाला बोट दाखवता आलं नाही.

याच खटल्यातली दुसरी गोष्ट मात्र लोक विसरले. कसाबसोबत फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघं भारतीय आरोपी होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी पुरवले, असा आरोप होता. फहीमचे वकील होते कुर्ल्याचे शाहिद आझमी. मेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात तो नकाशा सापडला म्हणतात, मग त्यावर रक्ताचा डाग कसा नाही, हा प्रश्न बचावानं उभा केला. न्यायालयाला तो पटला. दोघंही निर्दोष सुटले, आणि ते निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले. पण निकाल ऐकायला आझमी नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० ला त्यांच्या कार्यालयात त्यांचा गोळ्या घालून खून झाला होता.

एकाच खटल्यात एकाला फाशी, दोघांची सुटका. बचावाच्या वकिलाचा उपयोग काय, याचं याहून सोपं उत्तर नाही.

बचाव कच्चा, तर शिक्षाही कच्ची

आता उलट बाजू बघू. १९९७ मध्ये दिल्लीत एका बसमध्ये स्फोट झाला. महंमद हुसेन ऊर्फ झुल्फिकार अली या आरोपीला फाशी झाली. पण बहुतेक साक्षीदार तपासले गेले तेव्हा त्याच्या बाजूनं वकीलच नव्हता. हे सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं आणि २०१२ मध्ये खटला पुन्हा पहिल्यापासून चालवण्याचा आदेश झाला. इतक्या वर्षांनी पुरावा कुठून उभा राहणार? २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. स्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात १५ वर्षांनी काय पडलं?

दुसरं उदाहरण जवळचं आहे, आणि तेही मकोकाचंच. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, त्यात पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं सगळ्या १२ जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड नियमाप्रमाणं झाली नाही, असे ताशेरे निकालात आहेत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. या निकालाचा दाखला दुसऱ्या मकोका खटल्यांत देऊ नये, असं त्या न्यायालयानं सांगितलं. पण १९ वर्षांनी उच्च न्यायालयानं जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं सुरुवातीलाच पक्की असती तर?

म्हणून मस्साजोगच्या कुटुंबाला न्याय मिळावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तपासातलं कच्चं काम बीडच्या कोर्टातच उघडं पडलं, तर ते वेळेत सुधारता येतं. दहा वर्षांनी वरच्या कोर्टात उघडं पडलं, तर सगळंच हातचं जातं. भांडं कुठं गळतंय ते विहिरीवरच कळलेलं बरं.

मग चूक कुठं होते?

याचा अर्थ आरोपीचा वकील जे करील ते बरोबर, असा नाही. त्याच्या कामाला कुंपण आहे. ते ओलांडलं की लोकांनी बोलायलाच हवं.

तारखेवर तारीख मागणं ही पहिली गोष्ट. कागद वाचायला वेळ मागणं वेगळं आणि साक्षीदार थकावा म्हणून वेळ काढणं वेगळं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणासाठीही दोनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं म्हटलं आहे. तो नियम पाळला जातो का, यावर लक्ष ठेवता येतं.

दुसरी गोष्ट साक्षीदाराची. भर कोर्टात साक्षीदाराला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारणं हा वकिलाचा हक्क आहे. कोर्टाबाहेर त्याला गाठणं, निरोप पाठवणं, त्याचं नाव-गाव पसरवणं हा हक्क नाही, गुन्हा आहे. फक्त अपमान करायला विचारलेला प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात.

तिसरी गोष्ट मेलेल्या माणसाची. तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही. पुराव्याशी संबंध नसताना त्याच्या चारित्र्यावर चिखल उडवणं हा बचाव नव्हे.

चौथी गोष्ट कॅमेऱ्याची. कोर्टात वकिलाच्या प्रत्येक वाक्याला समोरून प्रतिवाद असतो, वर न्यायाधीश असतात. टीव्हीच्या माइकपुढं ना उलटतपासणी, ना पुरावा. तिथं 'माझा अशील धुतल्या तांदळासारखा' म्हणणं सोपं असतं. त्याला तेवढंच वजन द्यावं.

पण हे माप एकाच बाजूला लावून चालणार नाही. कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट देशभर गाजली होती. त्यानं बिर्याणी मागितलीच नव्हती, आरोपीबद्दल तयार होणारी सहानुभूती मोडायला आपण तसं सांगितलं, हे त्या खटल्याचे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये सांगून टाकलं. तेच निकम आता मस्साजोगच्या खटल्यात सरकारची बाजू मांडत आहेत. कसाबला शिक्षा झाली ती न्यायालयात मांडलेल्या पुराव्यावर, बिर्याणीवर नव्हे. म्हणजे कोर्टाबाहेरचं बोलणं कुणाचंही असो, ते चिमूटभर मीठ लावूनच ऐकावं. बार कौन्सिलचे नियम तर सरकारी वकिलाला बजावतात की निर्दोष माणसाला शिक्षा होईल असं वागू नये, आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा दडपू नये.

आडनाव बघून वकील तोलू नका

बीड जिल्ह्यात याला आणखी एक काटा आहे. या हत्येनंतर माणूस बोलण्याआधी त्याचं आडनाव बघायची सवय वाढली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी तर पोलिसांच्या नावाच्या पाटीवरून आडनावच काढायला लावलं, फक्त पहिलं नाव ठेवलं. वकिलांचंही तसंच झालं. कोण कुणाचं वकीलपत्र घेतो यावर जातीचा हिशेब मांडला जातो. आपल्या समाजाच्या वकिलानं समोरच्याचं काम घेतलं तर 'फितूर', त्यांच्याच समाजाच्यानं घेतलं तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणजे वकिलानं काहीही केलं तरी दोषीच.

याचा फायदा कुणाला होतो? बीडच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारा तरुण वकील उद्या अवघड केस घ्यायला घाबरेल. मग ज्याच्याकडं पैसा आहे तो आरोपी मुंबई-संभाजीनगरचा मोठा वकील आणील. वकिलाशिवाय उरेल तो ऊसतोड मजूर, पारधी वस्तीवरचा पोरगा, नाहीतर फिर्यादीत नाव घुसडलेला गरीब शेतकरी. वकिलांना धमकावून बडा आरोपी कधीच उघडा पडत नाही.

साक्ष द्यायची वेळ आली तर

गावातल्या माणसाला बचावाच्या वकिलाची खरी गाठ पडते ती साक्षीच्या पिंजऱ्यात. तेव्हा काही गोष्टी माहीत असाव्यात. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. त्या जबाबात एक आणि कोर्टात दुसरं बोललं की वकील तिथंच बोट ठेवतो. म्हणून जे पाहिलं तेवढंच आधीही सांगावं आणि नंतरही. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायला लाज नाही. ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली की चांगली केस तिथंच फुटते, आणि मग नाव वकिलाचं घेतलं जातं.

धमकीची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज करता येतो. आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडं जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा मदतीचा नंबर आहे.

मस्साजोगचा निकाल न्यायालय देईल. तो कोणताही लागला तरी उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय गाठणार, हे जवळपास ठरलेलं आहे. तिथं फोटो पाहून कुणी हळहळणार नाही. तिथं फक्त कागद बोलतील : कोणता साक्षीदार काय म्हणाला, त्याला काय विचारलं, त्यानं काय उत्तर दिलं. प्रश्न विचारूनही जी साक्ष मोडली नाही, तीच तिथं उभी राहील. बीडच्या कोर्टात ते प्रश्न विचारायचं काम ज्याच्याकडं आहे, त्यानं ते चोख आणि सरळ मार्गानं करावं, एवढी मागणी लोकांनी जरूर करावी. त्यानं ते करूच नये, ही मागणी मात्र संतोष देशमुख यांच्या न्यायाच्याच आड येते.